घराचा भाव आणि गिऱ्हाइकाचे मौन

देवळालीच्या छावणीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपवून मायदेशी निघालेल्या गोऱ्या शिपायांना मुंबईहून जहाज मिळेपर्यंत या छावणीत ठेवीत असत. जहाजे ठराविक मोसमातच सुटत. त्यामुळे हाताला काम नाही आणि घरी जाण्याचा दिवस नक्की नाही, अशा स्थितीत अनेकांना महिनोन्‌महिने तिष्ठावे लागे आणि त्यातल्या काहींची डोकी फिरत. भान सुटलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले ते त्यावरून. गोरे शिपाई गेले, छावणी राहिली. आणि घराच्या ओढीने माणसाचे भान सुटण्याचा प्रकारही त्या परिसरातून अगदीच नाहीसा झाला आहे असे म्हणता येत नाही.

देवळाली कॅम्पच्या बाजारात मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारा गृहस्थ लॅम रोडवरील एखाद्या नव्या इमारतीच्या कचेरीत शिरला की एकाएकी अबोल होतो. भाजीवालीला ‘कालच तर पंधराला दिलीस’ असे ऐकवणाऱ्याला तेथे शेजारच्या इमारतीतील घर गेल्या महिन्यात कितीला गेले, हे विचारण्याचे सुचत नाही. सुचले तरी संकोच वाटतो. गुळगुळीत कागदावर छापलेला भाव हाती पडतो, चहा येतो, ‘साहेबांशी बोलून तुमच्यासाठी काही करता येते का पाहतो’ असे आश्वासन मिळते आणि चौरस फुटामागे शंभर रुपये कमी झाले की गिऱ्हाईक विजयी मुद्रेने घरी परततो. आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी सर्वांत कमी चौकशी करून व्हावी, ही आपल्या मध्यमवर्गाच्या व्यवहारातील एक मोठी विसंगती आहे.

हा गिऱ्हाईक कोण, हे ध्यानात घेतले म्हणजे या विसंगतीची किंमत कळते. मुंबईच्या दगदगीला कंटाळून हवापालटासाठी दुसरे घर घेणारे धनिक देवळालीला नवे नाहीत. तेथील जुने बंगले आणि आरोग्यधामे त्याची साक्ष देतात. परंतु आज या पट्ट्यात घर शोधणाऱ्यांत नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातील कामगार आहे, तोफखान्यातून निवृत्त झालेला सुभेदार आहे, शाळेतील शिक्षक आहे, बँकेतील कारकून आहे. त्याच्या हाती असते ती भविष्यनिर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम, पत्नीचे थोडे दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज. चूक झाली तर ती निस्तरण्यासाठी त्याच्यापाशी दुसरे आयुष्य नसते.

भाव नेमका कशाचा?

घराची घासाघीस सुरू होते ती चौरस फुटाच्या दरावरून, आणि गिऱ्हाइकाची फसगतही बहुधा तेथेच सुरू होते. कारण दर ठरतो, पण तो कोणत्या चौरस फुटाचा हे ठरत नाही. समजा, दर ४,००० रुपये आणि क्षेत्र १,००० चौरस फूट सांगितले. म्हणजे घर ४० लाखांचे झाले. गिऱ्हाइकाने नेटाने बोलणी करून दर ३,९०० वर आणला आणि एक लाख रुपये वाचवले. पुढे कळते की, ते हजार चौरस फूट ‘सुपर बिल्टअप’ होते. जिना, भिंतींची जाडी, पाण्याची टाकी, प्रवेशद्वार असे सारे त्यात धरले होते. घराच्या आत अंथरता येईल एवढी जागा ६८० चौरस फूटच आहे. त्यानंतर वाहनतळाचे दोन लाख, वीजजोडणी, सोसायटीची स्थापना आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून आणखी दीड लाख अशी यादी समोर येते. ३९ लाखांचे घर साडेबेचाळीस लाखांवर जाते. त्याला ६८० ने भागले तर प्रत्यक्ष दर येतो ६,२५० रुपये. ज्या शंभर रुपयांसाठी दोन बैठका झाल्या, त्यांचा या हिशेबात मागमूसही उरत नाही.

वस्तुतः हा खेळ बंद करण्यासाठीच कायदा झाला. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’ प्राधिकरणाचे काम सुरू झाले. चटई क्षेत्र म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्याने बांधून दिली. आतल्या विभाजक भिंती त्यात येतात; बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी, उघडी गच्ची येत नाही. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी आहे. बांधकामातील दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर आहे. मोकळ्या किंवा इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळाची जागा स्वतंत्र सदनिकेप्रमाणे विकता येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ‘नहालचंद लालूचंद’ खटल्यात स्पष्ट केले होते. म्हणजे गिऱ्हाइकाने बोलणीला बसताना पहिला आग्रह धरायला हवा तो दर कमी करण्याचा नव्हे, तर चटई क्षेत्रावर आणि सर्व आकारांसह एकच रक्कम लेखी मागण्याचा. ती रक्कम कागदावर उतरल्याखेरीज कमी-जास्त करण्यासारखे त्याच्यासमोर काहीच नसते.

आणि कमी होणारा प्रत्येक लाख हा केवळ एक लाख नसतो. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जापोटी साधारण २ लाख ८ हजार रुपये फेडावे लागतात. संकोचापोटी सोडून दिलेला लाख अशा रीतीने पुढची वीस वर्षे दरमहा पगारातून वळता होत राहतो.

हद्दीत दडलेली किंमत

देवळालीच्या बाबतीत तर आणखी एक गाठ आहे. ‘देवळालीत घर घेतले’ असे सांगणाऱ्या चौघांची घरे चार निरनिराळ्या कारभारांखाली असू शकतात. देवळाली कॅम्प छावणी परिषदेच्या हद्दीत येतो. देवळाली गाव मात्र १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा नाशिकरोड-देवळाली नगरपालिकेबरोबर तिच्यात गेले. थोडे पुढे भगूरची नगरपरिषद आणि भोवती संसरी, नानेगाव यांसारखी गावे. बांधकामाला परवानगी कोणी दिली, घरपट्टी कोणाला भरायची, पाणी कोण देणार, पुढे मजला वाढवता येईल की नाही, याची उत्तरे हद्दीगणिक बदलतात. जाहिरातीत मात्र सर्वत्र ‘देवळाली कॅम्प’ एवढेच असते, कारण त्या नावाला थंड हवेचा आणि शिस्तीच्या वस्तीचा लौकिक आहे.

छावणीतील जमिनीची नोंद संरक्षण खात्याच्या ‘जनरल लँड रजिस्टर’मध्ये असते. काही जमिनी भाडेपट्ट्याच्या आहेत. काही ‘ओल्ड ग्रँट’ या जुन्या पद्धतीच्या आहेत. म्हणजे इमारत कबजेदाराची, पण जमिनीची मालकी सरकारचीच आणि ती परत घेण्याचा हक्कही सरकारचा. काही जमिनी पूर्णपणे खाजगी मालकीच्या आहेत. या तिन्हींवर उभ्या असलेल्या घरांच्या भिंती सारख्याच दिसतात, परंतु त्यांची किंमत सारखी असू शकत नाही. त्यात संरक्षण आस्थापनांच्या शेजारच्या बांधकामांवरील निर्बंधांची भर पडते. मे २०११ च्या परिपत्रकाने लष्करी कुंपणापासून शंभर मीटरपर्यंत, आणि चार मजल्यांहून उंच इमारतींसाठी पाचशे मीटरपर्यंत, लष्कराच्या ना-हरकतीचा प्रश्न उभा केला. पुढे २०१६ मध्ये त्यात सवलती देण्यात आल्या. नियम बदलत राहतात. म्हणूनच विशिष्ट इमारतीला कोणत्या तारखेच्या कोणत्या नियमानुसार परवानगी मिळाली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

हा तपशील भाव ठरण्यापूर्वीचा आहे, नंतरचा नव्हे. आपल्याकडे मात्र क्रम उलटा असतो. आधी भाव ठरतो, इसार दिला जातो, पेढे वाटले जातात आणि मग वकिलाकडे कागद जातात. वकिलाने शंका काढली तर ‘आता काय उपयोग’ असे म्हणून ती बाजूला सारली जाते. जमिनीच्या हक्कात उणेपणा असेल तर तो किमतीत उतरलाच पाहिजे. आणि तो किमतीत उतरण्याजोगा नसेल, तर ते घर स्वस्तातही घेऊ नये.

याच्या जोडीला भविष्याचीही विक्री होत असते. २०२६-२७ चा सिंहस्थ, नाशिक-पुणे रेल्वेमार्गाची योजना, छावण्यांच्या नागरी वस्त्या शेजारच्या पालिकांत सामील करण्याची चर्चा, यांपैकी प्रत्येक गोष्ट विक्रेत्याच्या तोंडी ‘दोन वर्षांत भाव दुप्पट’ या एकाच वाक्यात येऊन ठेपते. हे सारे घडेलही. परंतु उद्याच्या लाभाची किंमत आजच मोजून दिली, तर तो लाभ विक्रेत्याच्या पदरात पडला आणि जोखीम तेवढी गिऱ्हाइकाकडे राहिली.

तयार घराचे बळ

नव्याने बांधून पूर्ण झालेल्या घराची बोलणी करताना गिऱ्हाइकाची बाजू तो समजतो तितकी दुबळी नसते. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर आहे. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, म्हणजे ४५ लाखांपर्यंतच्या आणि नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतच्या घरांना तो एक टक्का आहे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर झालेल्या विक्रीवर हा कर लागत नाही. ६० लाखांच्या घरात हा फरक तीन लाखांचा होतो. तयार घर महाग वाटते ते पुष्कळदा हा हिशेब न केल्यामुळे. उलटपक्षी दाखला हाती नसताना ‘घर तयारच आहे, कर नाही’ असे सांगितले जात असेल, तर त्या बोलण्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

शिवाय तयार झालेले पण न विकलेले घर विक्रेत्याला स्वस्थ बसू देत नाही. त्यात अडकलेल्या भांडवलावरील व्याज चालूच असते. दाखला मिळालेल्या वर्षानंतर दोन वर्षे उलटली की न विकलेल्या घरावर काल्पनिक भाडे धरून प्राप्तिकर आकारण्याची तरतूद आहे. पूर्वी एका वर्षाची असलेली ही मुदत २०१९ च्या अर्थसंकल्पाने वाढवली. घाई दोन्ही बाजूंना असते. विक्रेता ती लपवतो आणि गिऱ्हाईक ‘मुलीच्या लग्नाआधी घर व्हायला हवे’ असे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

विक्रेत्याची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. जमिनीचे भाव त्याच्या हाती नाहीत, परवानग्यांना लागणारा वेळ त्याच्या हाती नाही, आणि देवळालीसारख्या ठिकाणी पाच-सहा घरे बांधणारा छोटा व्यावसायिक स्वतःच सावकाराच्या किंवा बँकेच्या व्याजाखाली दबलेला असतो. त्याला रास्त नफा मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, ज्या खर्चाचे कारण पुढे करून भाव वाढवले जातात, तो खर्च उतरल्यावर भावही उतरावेत. सिमेंटवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या दिवसानंतर बांधलेल्या घराच्या किमतीत त्याचा अंश किती दिसतो, असे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

रोखीची सवलत

बोलणी अडली की एक जुनाच तोडगा पुढे येतो. ‘एवढे रोख द्या, कागदावर कमी दाखवू, तुमचेही मुद्रांक शुल्क वाचेल.’ २०१६ च्या नोटाबंदीनंतर ही प्रथा नामशेष होईल असे सांगण्यात आले होते. ती लाजरी झाली, नाहीशी झाली नाही. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी आहे आणि ती मोडणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क तर करारातील किंमत आणि शासनाच्या दरतक्त्यातील किंमत, ज्याला सारे ‘रेडी रेकनर’ म्हणतात, या दोहोंपैकी जी अधिक असेल तिच्यावर लागते. करारातील किंमत दरतक्त्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक खाली गेली की प्राप्तिकराचाही प्रश्न उपस्थित होतो.

पण दंडाची भीती हे दुय्यम कारण झाले. जी रक्कम कागदावर नाही ती गिऱ्हाइकाने दिलीच नव्हती, असे कायदा समजतो. उद्या व्यवहार फिसकटला, ताबा मिळाला नाही, छताला तडे गेले, तर परतावा आणि व्याज मिळते ते कागदावरच्या रकमेवर. नोकरदाराचा सारा पैसा पगाराचा, म्हणजे कर भरलेला असतो. तो दुसऱ्याच्या सोयीसाठी काळा करून देणे आणि त्यालाच सवलत मानणे, हा व्यवहार कोणत्याही अर्थाने शहाणपणाचा नाही.

दप्तर उघडे आहे

मग खरा भाव कळावा कसा? त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. तो सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची सूची पाहण्याचा हक्क शुल्क भरणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला आहे. महाराष्ट्रात ही ‘सूची क्रमांक दोन’ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकीय शोधसेवेवरही पाहता येते. शेजारच्या इमारतीतील घर कोणत्या तारखेला, किती क्षेत्राचे, किती मोबदल्याला गेले आणि त्याचे सरकारी बाजारमूल्य किती धरले, हे त्यात दिसते. छापील दर आणि नोंदलेला मोबदला यांतील अंतर हीच गिऱ्हाइकाच्या हातातील खरी जागा होय. मेथीच्या जुडीचा कालचा भाव आठवणाऱ्याने ही सूची पाहिली, तर कचेरीतील त्याचे मौन आपोआप सुटेल.

मात्र सारा भार एकेकट्या गिऱ्हाइकावर टाकून शासनाला नामानिराळे राहता येणार नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पांना महारेराच्या नोंदणीतून सूट आहे. मुंबई-पुण्याच्या उत्तुंग इमारतींना ही मर्यादा क्षुल्लक वाटेल. देवळाली, भगूरसारख्या ठिकाणी तीच महत्त्वाची ठरते, कारण तेथील नवी घरे बहुतांशी लहान इमारतींत, जोडबंगल्यांत आणि सुट्या बंगल्यांत असतात. १९६३ चा मालकी सदनिका कायदा सदनिकांपुरता आधार देतो. सुटा बंगला घेणाऱ्याच्या पदरी उरतो तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील, विक्रेत्याने सहज न दिसणारे महत्त्वाचे दोष उघड करावेत हा नियम, आणि ग्राहक आयोग वा दिवाणी न्यायालयाची दीर्घ वाट. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार २०१६ च्या कायद्यानेच राज्य सरकारला दिला आहे. तो वापरण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. एक अधिसूचना पुरेल. छावणी परिषद, महापालिका आणि नगरपरिषद यांनी आपापल्या हद्दीत पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींची यादी फलकावर लावली, तर निम्म्या शंका तेथेच मिटतील.

दुसरा उपाय नागरिकांच्याच हाती आहे आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत गामदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हा घराचा भाव बांधणाऱ्याने ठरवावा आणि राहणाऱ्याने मुकाट्याने द्यावा ही रीतच त्यांनी बाजूला सारली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. दहा-पंधरा कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा वाणसामान घाऊक भावाने घ्यावा, एवढी साधी तिची सुरुवात होती. जे तांदूळ-डाळीच्या बाबतीत जमले ते घराच्या बाबतीत अशक्य का मानावे? एकाच छापखान्यातील, एकाच शाळेतील पाच-सहा जणांनी एकाच इमारतीत घरे पाहिली, एक वकील नेमला, एक अभियंता बरोबर नेला आणि लेखी प्रस्ताव ठेवला, तर पलीकडच्या माणसाची भाषा बदलते. एकट्याला जो ‘शेवटचा भाव’ असतो तो सहाजणांसमोर बहुधा शेवटचा राहत नाही.

घासाघीस हा शब्द सुशिक्षितांना हलका वाटतो. पण रास्त किंमत मागण्यात हलकेपणा कसला? चाळीस वर्षांच्या नोकरीची पुंजी ज्या व्यवहारात एका सहीने दुसऱ्याच्या हाती जाते, तेथे विचारलेला प्रत्येक प्रश्न हा स्वतःच्या श्रमांविषयीचा आदर असतो. प्रामाणिक विक्रेत्याला अशा प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. ज्याला येईल, त्याच्या कचेरीतील चहा पिऊन झाल्यावर आभार मानून उठावे हे उत्तम. देवळालीत घरे पुष्कळ बांधली जात आहेत.